ओपलचा अंतराचा अंदाज

डोंगरात जिथे नळ नाही, वीज नाही आणि शेजारी नाही, अशा जागी घरगाडी लावून राहायचं असेल तर नवख्यांना मी नेहमी तीन गोष्टी सांगतो. पाण्याच्या टाकीच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. चाकांना दगड लावल्याशिवाय खाली उतरू नका. आणि गाडी मागे घेताना बायकोशी भांडू नका. पहिल्या दोन गोष्टी लोक ऐकतात.

गाडी मागे घेणं हा आमच्या जमातीतला एकमेव धार्मिक विधी. एकाने स्टिअरिंगवर बसायचं, दुसऱ्याने मागे जाऊन हातवारे करायचे. मागचं माणूस आरशात दिसेनासं झालं की थांबायचं, एवढाच नियम. बाकी खुणा ज्याच्या त्याच्या घरच्या. माझी बायको व्हर्ना चालकाच्या, म्हणजे आमच्याकडे डाव्या, बाजूला वाहतूक पोलिसासारखी ताठ उभी राहते. तिने तळहात दाखवला की विषय संपला, पुढे अपील नाही. आमच्या मित्राची, मर्लची, बायको ओपल मात्र उजवीकडे उभी राहायची, कारण ती उतरायची उजव्या दारातून आणि वळसा घालायचा तिला कंटाळा. विहिरीतून बादली ओढावी तशी ती दोन्ही हातांनी हवेतली दोरी ओढत राहायची. ये, ये, ये. थांब म्हणायचं असलं की डोक्यावरची गवती टोपी काढायची. अडचण एवढीच होती, की टोपी निघण्याआधी मर्लच्या गाडीमागे जोडलेला राहायचा ट्रेलर झाडाला लागलेला असायचा.

"अगं बाई, थांब म्हणायचं की!" मर्ल खिडकीतून ओरडायचा.

"म्हणणारच होते," ओपल शांतपणे म्हणायची.

दर सप्टेंबरात आम्ही चौघं मॉन्ट्रोज गावाच्या वर, जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला मुक्कामाला जायचो. तिथल्या एका पाइनला मर्लच्या ट्रेलरचा पांढरा रंग लागलेला आहे आणि ट्रेलरला पाइनची साल. दोघांचे वर्षानुवर्षांचे संबंध.

मागच्या हिवाळ्यात ओपल गेली. स्वयंपाकघरात, कॉफी ओतता ओतता. वसंतात मर्लने घर विकलं आणि ट्रेलरमध्येच राहायला लागला. ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलीचा, जोलीनचा, फोन आला.

"काका, बाबा यंदाही डोंगरात जायचं म्हणतायत. एकटे. तुम्ही असालच तिथे, तर नीट बघा आणि मला खरं सांगा, त्यांना एकट्याने जमतंय का. तुम्ही नाही म्हणालात, तर ट्रेलर माझ्या अंगणात आणून लावते. आणि त्यांना आमच्या मागच्या खोलीत."

मी बरं म्हणालो. मित्राचं उरलेलं आयुष्य असं फोनवर हातात येईल, याची मला कल्पना नव्हती.

मर्ल आला तेव्हा दुपार होती. अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती आणि हवा इतकी विरळ, की खुर्ची उघडली तरी धाप लागावी. तो उतरला, मला मिठी मारली आणि म्हणाला, "हॉबर्ट, लेका, तू हेर म्हणून आला आहेस हे मला माहीत आहे. जोलीनला खोटं बोलता येत नाही. आईवर गेली नाही ती."

"मी फक्त राजमा शिजतो का ते बघायला आलोय," मी म्हणालो. त्या उंचीवर राजमा कधीच शिजत नाही. दर वर्षी आम्ही तो शिजत घालतो.

ट्रेलर लावायला मी त्याच्या डाव्या अंगाला मागे उभा राहिलो. मर्लने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. दोन पाइनच्या मधून, खडकाला वळसा घालून, एकाच दमात, लोण्यातून सुरी जावी तसा तो आला. ओपल असताना याला अर्धा तास आणि एक घटस्फोटाची धमकी लागायची. मी वेळेवर हात वर केला. तो येतच राहिला. मी ओरडलो. ट्रेलर त्याच पाइनला, त्याच जागी, हलकेच टेकला.

"आंधळा झालास का?" मी खिडकीपाशी जाऊन विचारलं. "मी हात दाखवत होतो ना!"

"मी दुसऱ्या आरशात बघत होतो," मर्ल म्हणाला. त्याचा चेहरा मात्र उजळला होता.

"तिकडे कोण होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "हो की," तो म्हणाला. "तिकडे कोण असणार."

व्हर्नाने मला बाजूला घेतलं. "बेचाळीस वर्षांची सवय आहे रे. एका खेपेत जाईल का? आणि तू हे जोलीनला सांगणार नाहीस." मी नाही सांगितलं.

पुढचे दिवस छान गेले. मर्ल जेवत होता, हसत होता. सोलरच्या काचा दर सकाळी पुसून उन्हाकडे वळवायचा. पत्त्यांत पूर्वीसारखाच लबाडी करायचा. जमत नाही म्हणावं असं काहीच नव्हतं.

फक्त पाणी. अशा मुक्कामात पाणी हाच पैसा. ताट पुसून मग धुवायचं, अंघोळ ओल्या फडक्याने, आणि ते फडकंसुद्धा आधी विचारात घ्यायचं. मर्ल या बाबतीत माझा गुरू आहे; एका पेल्यात दात घासून उरलेल्यात दाढी करणारा माणूस. तरी त्याची टाकी आमच्या बरोबरीने उतरत होती. आम्ही दोघं होतो. मी ट्रेलरखाली पालथा पडून गळती शोधली. खाली पाइनच्या सुया कोरड्या ठणठणीत, काडी लावली तर पेटतील अशा.

"काटा खोटं बोलतोय," मी कपडे झटकत म्हणालो.

"काटा बरोबर आहे," मर्ल म्हणाला. "भांडी घासताना नळ सोडून ठेवायची वाईट खोड आहे तिला." मग जरा थांबून, "होती," म्हणाला.

आणि तो बुडबुडा. ट्रेलर सपाट उभा आहे की नाही हे बघायला पुढच्या बाजूला पाण्याची छोटी नळी असते, तिच्यात बुडबुडा. जी बाजू खचते तिच्या उलट तो पळतो. आम्ही फळ्या लावून तो मधोमध आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डावीकडे सरकलेला. म्हणजे उजवी बाजू, दाराची बाजू, खाली गेलेली. मर्लने त्या चाकाखाली एक फळी सरकवली. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

"जमीन मऊ आहे," मी म्हणालो.

"मऊच आहे," मर्ल म्हणाला आणि चाकावर प्रेमाने थोपटलं. "दाराच्या बाजूला झोपल्याशिवाय तिला झोप लागायची नाही. मी म्हणायचो, वजन वाढतंय तुझं. चार दिवस अबोला."

मी खाली वाकून पाहिलं. चाकाखालची जमीन खडकाची होती. पण खडकही कुठेतरी मातीवरच बसलेला असतो, असं मी स्वतःला सांगितलं. तेव्हा ते पटलं.

रेडिओवर बर्फाचा इशारा आला तेव्हा आम्ही मुक्काम आवरायचं ठरवलं. डोंगरात दोन दिवस लवकर निघणारा हसं करून घेतो आणि दोन तास उशिरा निघणारा एप्रिलमध्ये सापडतो. सकाळी उठलो तर ढग खाली येऊन झाडांत बसले होते. साबुदाण्याएवढ्या गारा पडत होत्या, आवाज न करता.

तिथून निघायची एक रीत आहे. रस्ता अरुंद, वळायला जागा नाही. दरीच्या बाजूला एक मोकळा सपाट कट्टा आहे, त्यावर गाडी मागे घ्यायची, मग नाक उताराकडे वळतं. आमची गाडी मी आधी काढली. व्हर्नाने तळहात दाखवला, मी थांबलो. गाडी खालच्या वळणावर लावून, व्हर्नाला तिथेच बसवून, मी वॉकीटॉकी घेऊन मर्लसाठी परत वर आलो.

"मी डावीकडे उभा आहे," मी वॉकीटॉकीत म्हणालो. "डाव्या आरशात बघ. दिसतोय का?"

"दिसतोस. टोपी घाल, म्हाताऱ्या, थंडी बाधेल."

"ये मग. सावकाश."

ट्रेलर मागे यायला लागला. मागे दहा पावलांवर कट्ट्याची कड होती, आणि कडेपलीकडे पांढरं. दरी नव्हतीच जणू. कुणी कागद लावून ठेवावा तसा ढग.

पुरेसं आत आल्यावर मी हात वर केला.

ट्रेलर येत राहिला.

"मर्ल, थांब."

"अजून जागा आहे."

"जागा नाही! थांब!"

"आहे रे," त्याचा आवाज वॉकीटॉकीत अगदी निवांत होता. "खूप आहे म्हणते."

मी डाव्या खिडकीकडे धावलो. मर्लचं डोकं माझ्याकडे नव्हतं. तो उजवीकडे झुकला होता, उजव्या आरशात बघत होता, आणि हसत होता. एखाद्या तरुण माणसाने हसावं तसा.

मी काचेवर मूठ आपटली.

तो दचकला. गाडी थांबली.

मागे काही दगड सुटले. ते खाली पडल्याचा आवाज मात्र आला नाही.

मी जाऊन पाहिलं. ट्रेलरचा मागचा भाग हवेत होता. चाक आणि कड यांच्यामध्ये माझा पंजा मावला असता.

मर्ल बाजूच्या आसनावर सरकला आणि स्टिअरिंगवर मी बसलो. गियर टाकला. उजव्या आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून बघितलं.

ढग होता. त्या ढगात, कडेच्या पलीकडे, काहीतरी एका लयीत हलत होतं. वर, खाली. वर, खाली. फांदी असेल.

कडेच्या पलीकडे झाड नाही.

मी गाडी पुढे काढली.

खालच्या वळणावर व्हर्नाने आमच्या हातात कॉफीचे पेले दिले आणि आमची तोंडं बघून काही विचारलं नाही. चाळीस वर्षांत हे दुसऱ्यांदा. ती चाकं तपासायला गेली तेव्हा मी मर्लला विचारलं, "कुठे उभी होती?"

"मागे."

"मागे म्हणजे?"

"जरा मागे." त्याने कॉफीत पाहिलं. "बरीच मागे, म्हण."

"टोपी काढली होती तिने?"

गारा पेल्यात पडून विरघळत होत्या.

"काढणारच होती," तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने घाईने माझा गुडघा दाबला. "ए, तसं काही मनात आणू नकोस. ओपल आहे ती. तिला अंतराचा अंदाज कधी होता का?"

मी नाही म्हणालो. खरंच नव्हता.

निघण्याआधी पडलेल्या वस्तू बघायला मी त्याच्या ट्रेलरमध्ये गेलो. ओपलची गवती टोपी दारामागे खुंटीवर होती. ओली होती. ट्रेलरचं छत गळतं. कुणाचं गळत नाही?

मॉन्ट्रोजला फोन लागायला लागला तेव्हा मर्ल स्वतःच म्हणाला, "जोलीनला सांग, जमत नाही."

"सांगू नको म्हणालास तर नाही सांगणार."

"सांग. एकट्याने नाही जमत." मग त्याने डोंगराकडे पाहिलं. वर सगळं पांढरं झालं होतं. "ती काही खाली यायची नाही. जोलीनच्या नेब्रास्काची सपाट जमीन तिला पहिल्यापासून आवडत नाही. जेवणाच्या टेबलावर राहिल्यासारखं वाटतं म्हणायची." एवढं बोलून तो गाडीला वळसा घालून गेला आणि त्याने उजवा आरसा दुमडून टाकला.

जोलीनच्या काँक्रीट घातलेल्या अंगणात ट्रेलर लावताना मी डावीकडे उभा होतो. मर्लने माझ्याकडे बघून, माझ्या हातावर थांबून, नेमका ट्रेलर लावला. कशालाही न टेकता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उतरल्यावर तो इतका म्हातारा दिसला, की मला टाळी वाजवता आली नाही. आम्ही टाकी रिकामी केली, नळ बंद केले, बुडबुडा मधोमध आणला आणि निघालो.

डिसेंबरात जोलीनचा फोन आला.

"बाबा मजेत आहेत, काका. मला वाटलं होतं खचतील, पण उलटंच. मुलांना पत्त्यांत लबाडी शिकवतात. रोज सकाळी कॉफी घेऊन ट्रेलरकडे जातात, तो बुडबुडा बघतात आणि दाराच्या बाजूच्या चाकाखाली एक फळी सरकवतात. स्वतःशीच हसत परत येतात."

"म्हातारपणी माणसाला काहीतरी काम हवं," मी म्हणालो.

"तेच मी यांना म्हटलं. पण आज मी त्यांच्या आधी जाऊन पाहिलं, काका. तो खरंच सरकलेला असतो. बाबा तर घरात झोपतात. ट्रेलरला कुलूप असतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला सांगा ना," जोलीन म्हणाली, "काँक्रीट खचतं का हो?"