उष्टावणातली कडी

दात घासून झाले की कडीची गोळी जिभेखाली ठेवायची, हे लोकांच्या आता चहाइतकं अंगवळणी पडलं होतं. गावाला निघालेल्या माणसाला घरचे आधी विचारत, "कडी घेतलीस ना?" कारण ती बंद झाली, तर दोन-तीन आठवडे काहीच कळायचं नाही. मग अंगावर सूज, डोळे पिवळे, आणि त्यापुढे डॉक्टरांचंही काही चालायचं नाही.

हे सगळं ज्याने घडवलं, तो डॉक्टर हेमंत कारखानीस आज मिरजेला बहिणीच्या घराकडे जिवाच्या आकांताने गाडी हाणत होता. सातव्या महिन्यात भाचीचं उष्टावण होतं. पहिला घास मामाचा, म्हणून आमंत्रण होतं, आणि हा चालला होता तो घास थांबवायला!

पेशीचं आवरण म्हणजे चरबीचा दुपदरी पडदा. त्यात प्रथिनं बसलेली असतात, पण वाटेल त्याने उठून घुसावं, असं तिथे चालत नाही. प्रथिनावरची पत्त्याची खूण पेशीची यंत्रणा वाचते, मगच त्याला जागा देते. हेमंतचं प्रथिन मात्र भलतंच आगाऊ. पाण्यात अंग चोरून बसायचं, चरबी भेटली की उलगडून स्वतःच आत घुसायचं. अशी आठ एकत्र आली की पडद्यात एक दार तयार होई, म्हणून त्याचं नाव दारप्रथिन.

हा खटाटोप त्याने केला उल्कासाठी, या बहिणीसाठी. जन्मापासून तिच्या पेशींतलं मीठ बाहेर पडत नव्हतं, छातीत कफ घट्ट बसायचा. दारप्रथिनाने ती वाचली, आणि तिच्यामागून लाखो माणसं. एक दार पेशीतल्या साध्या प्रथिनांनाही आपलंच वळण लावी, त्यामुळे एक इंजेक्शन जन्माला पुरे. खोट एवढीच, की दार आपण होऊन लागत नसे. त्यासाठी रोजची कडी.

आणि या आठवड्यात इस्पितळात तीन तान्ही मुलं आली, अंग सुजलेली, डोळे पिवळे झालेली. एकालाही इंजेक्शन दिलेलं नव्हतं, तरी पेशी दारांनी भरलेल्या. तिघांच्याही आयांना मात्र ते दिलेलं होतं. आईच्या उष्ट्या घासातून ते गेलं असणार, हेमंतने ताडलं. लाळेत हे प्रथिन टिकत नाही, हे त्यानेच तपासलं होतं. पण उष्ट्या खिरीतल्या दुधात? दुधातल्या चरबीच्या थेंबांनाही आवरण असतं. त्यात ते लपून बसलं, तर पोटातल्या आम्लालाही सापडायचं नाही. दुधात त्याने कधी पाहिलंच नव्हतं. प्रयोगशाळेत दूध यायचं ते फक्त चहासाठी.

"आला बाई मामा एकदाचा!" उल्काच्या सासूबाई, कुंदाताई, खिरीची चांदीची वाटी घेऊन दारातच उभ्या होत्या.

"खीर कुणी चाखली का?"

"अहो, असं काय विचारता? नैवेद्याची खीर कुणी चाखतं होय!"

हेमंतने हुश्श केलं. त्याला हसूच आलं. तेवढ्यात आतून बाळ रडलं आणि लगेच गप्पही झालं. तो खोलीच्या दाराशी गेला. उल्का पाठ करून ईराला पाजत होती.

तो दारातच थबकला. आईच्या दुधातल्या थेंबांवरचं ते आवरण येतं कुठून? आईच्याच पेशींचं असतं ते!

"दादा? चेहरा का असा झालाय?"

त्याने सगळं सांगितलं. उल्काने ईराला घट्ट धरलं.

"पण ही तर ठणठणीत आहे रे."

"तुझ्या दुधातून दारं जातात, तशी कडीही जाते. ती तिन्ही मुलं दूध तुटल्यावर आजारी पडली."

"माझं दूध आटत चाललंय," ती म्हणाली. "म्हणून तर वरचं सुरू करतोय."

उल्का उठली, उशाची डबी घेतली, गोळी काढली. "किती देऊ?"

"माहीत नाही. इतक्या लहान बाळाला कुणी दिलेलीच नाही. तुझ्या दुधावरून नुसता अंदाज."

"कमी पडली तर?"

"दारं उघडतील."

"आणि जास्त झाली तर?"

"हृदय थांबेल."

"मामा, चला ना, मंडळी खोळंबलीयत!" बाहेरून कुंदाताईंनी हाक मारली.

"तूच मोड," उल्का म्हणाली. "मी मोडली तर मला जन्मभर झोप लागायची नाही." हेमंतने गोळीचा तिळाएवढा कण नखाने तोडला. बाहेर येऊन कुंदाताईंच्या वाटीतल्या खिरीचा एक थेंब तळहातावर घेतला आणि तो कण त्यात बोटाने घोळला. उल्का ईराला घेऊन पाटावर बसली. त्याने तो सगळा थेंब सोन्याच्या अंगठीने टिपला आणि ईराच्या जिभेला लावला.

कडवट चव लागताच पोरीने असं काही तोंड वाकडं केलं, की सगळे खदखदून हसले. "मामाचा घास आवडला नाही वाटतं!" कुणीतरी म्हणालं. फोटो काढले गेले.

हेमंतने अंगठी बाजूला ठेवली, ईराचं इवलंसं मनगट हातात घेतलं, आणि तो तिची नाडी मोजू लागला.