राखीव फाक

दक्षिण ध्रुवखंडाच्या कडेला, जिथे एकेकाळी फक्त पेंग्विन राहत, तिथल्या धक्क्यावर आता मालवणीतल्या शिव्या ऐकू येत. अरबी समुद्र तापून मेला, बांगडा संपला, तशी देवगडची माणसं माशामागून खाली सरकत बर्फापर्यंत आली. जग तापवलं कुणी आणि देशोधडीला लागलं कोण, हे कुठल्याच परिषदेत कुणी विचारलं नाही. परिषदांत जेवणं चांगली असतात. आणि आता हा समुद्रही मरत होता.

"डॉक्टरबाई, तो चिखल द्या आता," श्रावणी कुबल म्हणाली. ती मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष, आणि चिखलाच्या शीतगृहात चपला न काढता घुसलेली.

"चिखल नाही गं तो." समुद्रतळाच्या गाळाच्या अभ्यासक डॉ. रेवती पेडणेकर नमुन्यांच्या फळीसमोर हात पसरून उभ्या राहिल्या. अख्खी हयात त्यांनी याच फळीपुढे काढली होती.

समुद्राच्या तळाशी गाळ थरावर थर साचत जातो. पाईप ठोकून त्याचा लांब दांडा वर काढला, की जुन्या काळची हवा कशी होती ते थराथरातून कळतं. हा दांडा काकडीसारखा उभा चिरतात. एक फाक कामाची, तिच्यावर प्रयोग करायचे. दुसरी राखीव. राखीव फाकेला कुणी हात लावायचा नाही. ती अजून न बनलेल्या यंत्रांसाठी, अजून न जन्मलेल्या माणसांसाठी. रेवतीबाईंनी ती मंत्र्याला दिली नव्हती, परदेशी पाहुण्यांना दिली नव्हती.

पण मध्यंतरी फळीवरून हलवताना एका राखीव फाकेचा टवका पडला, आणि पाण्यात ठेवल्यावर ते पाणी तपकिरी झालं. त्यात डायटम जागे झाले होते. डायटम म्हणजे काचेच्या इवल्या डबीत राहणारी, डोळ्यांना न दिसणारी वनस्पती. तिच्यावर क्रिल नावाची बारकी कोलंबी जगते, क्रिलवर मासा, माशावर श्रावणीची वस्ती. आजचे डायटम कोमट पाण्यात मेले. हे मात्र सव्वा लाख वर्षांपूर्वीचे, जग असंच तापलं होतं तेव्हाचे. थंडी परतल्यावर ते गाळात निजले. रेवतीबाई त्यांना झोपबीजं म्हणत.

जगभरच्या प्रयोगशाळांत त्या काळाच्या कामाच्या फाका होत्या. सगळ्यांनी त्या रीतसर भट्टीत वाळवल्या होत्या, सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसावं म्हणून. जिवंत बी भाजून त्याचा अभ्यास केला. रेवतीबाईंनीही केला. राखीव फाका बाकीच्यांनी कधीच वापरून संपवल्या होत्या. उरला हा एकच थर, हातभर लांबीचा.

"थोडा घेऊन वाढवा की," श्रावणी म्हणाली.

"एकाच बीजाची पिलावळ एका रोगात साफ होते. नाना तऱ्हेची बीजं हवीत. म्हणजे सगळा थर. मग मागच्या वेळी बर्फ किती वेगानं कोसळला, ते कधीच कळणार नाही. ते वाचणारं यंत्र अजून बनायचंय."

"आणि ते चालवणारी पोरं काय खाऊन मोठी होणार? फाक?"

"उगवलं नाही तर?"

"तर आम्ही परत जाऊ. कुठे, ते तेवढं तुम्ही सांगा."

रेवतीबाईंनी पसरलेले हात खाली घेतले. मग म्हणाल्या, "चपला काढ आधी. आणि ते पातं दे इकडे."

त्यांनी सगळा थर कापून काढला. श्रावणीनं अनवाणी उभं राहून परात धरली होती.

झोपबीजं मोठ्या टाक्यांत वाढवून समुद्रात सोडली. पहिल्या उन्हाळ्यात काही झालं नाही. लोक रेवतीबाईंना बघून तोंड फिरवू लागले. दुसऱ्या उन्हाळ्यात खाडीचं पाणी चहासारखं झालं. मग क्रिल आलं, लालभडक, होडीच्या तळाला खरवडत जाणारं. धक्क्यावर बायका भिजेस्तोवर नाचल्या.

रेवतीबाईंनी पाईप ठोकून तळाचा ताजा गाळ काढला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक तीन काचपट्ट्या तपासल्या.

"काय झालं? मेले?" श्रावणी घाबरली.

"भरपूर आहेत. मरून तळाशी बसतायत, बसायलाच हवं. पण श्रावणी, गाळाचं वय आम्ही त्यातल्या डायटमवरून ओळखतो. आजच्या थरात आता सव्वा लाख वर्षांपूर्वीचे डायटम. पुढे कुणी हा गाळ काढला, तर त्याला तो जुनाच काळ वाटेल. आपण होतो, आपण हे तापवलं, आपणच सावरलं, यातलं काही त्याला दिसणार नाही. माझ्या हातानं मी आपलं युग पुसलं."

श्रावणीनं हातातली ओली टोपली खाली ठेवली.

"पुढे म्हणजे कधी?"

"लाखभर वर्षांनी."

"म्हणजे लाख वर्षांनी गाळ काढायला माणूस असणार म्हणता?" ती हसली. "बाई, दोन वर्षांपूर्वी तुम्ही हे म्हणाला नसता."