बाबांचा तिखट खाऊ

दुकानात चीज पावडरचा एकच डबा उरला होता आणि तो त्याच्या हातात होता.

ती डब्याकडे इतकी टक लावून बघत राहिली, की त्याने आधी आपल्या मागे कुणी उभं आहे का ते पाहिलं.

"मी दिसायला बरा आहे असं आई म्हणायची," तो म्हणाला, "पण तुम्ही डब्याकडे बघताय… नाही का?"

"माझ्या बाबांना चीजचा तिखट खाऊ हवाय," एवढंच ती बोलली.

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. त्या दिवशी रजा काढून ती बाबांना दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टर रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाले, "आता पथ्य नको. आवडेल ते खाऊ द्या त्यांना." यकृताने साथ सोडली होती. घरी आल्यावर बाबा हसून म्हणाले, "ऐकलंस ना? मग तुझी आई करायची तो चीजचा तिखट खाऊ कर." आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आणि डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ बाबांना कळला नव्हता, असंही नाही.

त्याने डबा तिच्यापुढे धरला. "घ्या. पण एक अट – चाखायला मिळाला पाहिजे."

"मला येतच नाही करायला."

"मग अट बदलू. मी शिकवतो."

तो मागच्याच गल्लीत राहायचा. रविवारी दुपारी खरंच आला. बाबा स्वयंपाकघरातच खुर्चीवर शाल पांघरून बसले. त्याने बाह्या वर केल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. कॉर्नफ्लेक्स, कुरमुरे, शेंगदाणे, खाऱ्या बिस्किटांचे तुकडे – सगळं परातीत ओतलं. वितळलेल्या लोण्यात लाल तिखट आणि लसणाची पूड कालवून वर सोडली.

"चीज अर्धं आत्ता, अर्धं बाहेर काढल्यावर," तो म्हणाला. "नाहीतर करपतं. आणि हलक्या हाताने. तुम्ही कणीक तिंबताय."

"मी काचा घासते. हात तसाच पडतो."

"म्हणजे जपूनच राहायला हवं तुमच्यापासून…"

ती हसली. कितीतरी दिवसांनी.

बाबांनी आयुष्यभर बस चालवली होती. ट्रे ओव्हनमध्ये गेल्यावर त्यांनी विचारलं, "तू काय करतोस रे?"

"मीपण गाडीच चालवतो, काका."

"कसली?"

त्याने ओव्हनचं दार दाबून लावलं. "शववाहिनी."

तिची नजर त्याच्या बोटांकडे गेली. बोटांना अजून लोणी आणि तिखट लागलेलं होतं. क्षणभरच… पण त्याने ते पाहिलं.

"हात धुतले होते मी," तो हळूच म्हणाला.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाऊ भाजून झाला, त्याने वर उरलेलं चीज भुरभुरवलं. मग बाबांनीच गरम ट्रेमधून मूठ भरली. सावकाश चावत म्हणाले, "तिखट जरा कमी पडलंय. बाकी फक्कड. तुझे प्रवासी भांडत नसतील ना? माझे खिडकीवरून भांडायचे."

"ते नाही भांडत. घरचे भांडतात. पुढे माझ्याशेजारी कुणी बसायचं यावरून. बहुतेक वेळा कुणीच बसत नाही."

"माझ्या वेळी तूच ये," बाबा म्हणाले. "आणि खड्डे चुकवून ने. पाठ दुखते माझी."

तो निघाला तेव्हा ती जिन्यापर्यंत आली. "मघाशी… हाताचं… माफ करा."

"सवय आहे मला."

"माझ्याकडून तरी तुम्हाला त्याची सवय नको व्हायला."

तो दोन पायऱ्या खाली होता. वर बघत राहिला. "मग पुढच्या रविवारी येऊ?"

"तिखट जास्त घाला."

तो येत राहिला. खाऊ दर वेळी तेवढाच व्हायचा, पण बाबांची मूठ लहान होत गेली. मग नुसत्या चिमटीवर आली. शेवटी शेवटी ती बोटाला लावून देईल तेवढीच पूड ते चाटायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. एकदा आत्या आली आणि त्याला ओव्हनपाशी बघून तिने भावाला खोलीत गाठलं. "मढी वाहणारा माणूस तो. त्याच्या हातचं खाता तुम्ही?"

"ताई," बाबा म्हणाले, "कधीतरी तुलाही बसायचंय त्याच्या गाडीत. जपून बोल."

बाबा एका दुपारी गेले, ती पाणी आणायला उठली तेवढ्यात. तिने त्यालाच फोन केला. तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. बाबांना उचलताना त्याने एक हात त्यांच्या पाठीखाली घातला आणि गाडीत नीट ठेवेपर्यंत काढला नाही. ती पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी बसली. आत्याने काचेवर टकटक केली, तरी तिने वळून पाहिलं नाही. मागच्या गाड्या भोंगे वाजवत राहिल्या. त्याने वेग वाढवला नाही.

सगळं आटोपल्यावर नातेवाईक पांगले. तिला सोडायला तो घरापाशी आला. वरच्या खिडकीत अंधार होता. तिच्याने उतरवेना.

"मला तुमच्याबरोबर राहायचंय," ती समोर बघत म्हणाली. "कायमचं."

त्याने इंजिन बंद केलं. "आज नका बोलू हे. आजच्यासारख्या दिवशी माणूस कुणालाही धरून ठेवतो. मी रोज बघतो."

"बाबा गेले म्हणून नाही बोलत. ते असताना बोलायचं राहून गेलं… म्हणून बोलतेय."

त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून तिच्याकडे पाहिलं. ती हुंदकाही आवरून धरत होती, पाठ ताठ, सकाळपासून होती तशीच.

"मी पण मुद्दाम गप्प राहिलो," तो म्हणाला. "वाटायचं, आपण ज्या घरात जातो तिथे पुन्हा कुणी बोलावत नाही. या घराने दर रविवारी बोलावलं." त्याचा आवाज खाली आला. "मला कुठेच जायचं नाहीये आता. तू रडून घे."

'तू' ऐकलं आणि तिची पाठ वाकली. मग ती रडली, मोठ्याने, रस्त्यावरून जाणारे वळून बघतील इतकी. तो तसाच शेजारी बसून राहिला.