मागच्या गॅलरीतले खिळे

सोमवार, महिन्याची बारा तारीख, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. स्थळ : समुद्रालगतच्या रस्त्यावरील सात मजली इमारतीचे मागचे आवार. पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या अरुंद बोळात, झाडायला आलेल्या बाईला एका वृद्ध गृहस्थाचे प्रेत दिसले.

पाऊण तासात निरीक्षकबाई तेथे उभ्या होत्या. नेमक्या वर, चौथ्या मजल्यावर, एका रिकाम्या घराची मागची गॅलरी उघडी दिसत होती. तिचा लोखंडी कठडा कमरेइतका उंच आणि शाबूत होता. मृत्यू रविवारी दुपारी दोन ते संध्याकाळी सातच्या दरम्यान झाला असावा, असे डॉक्टरांनी सांगितले.

खिशांतून निघालेल्या वस्तू हवालदाराने रुमालावर मांडल्या : त्या रिकाम्या घराची किल्ली, चष्म्याचे घर, फुटलेला फोन, बारीक टोक केलेली पेन्सिल आणि शिंपल्यांचे तीन तुकडे, नखाएवढे, कडांना राखाडी खपली धरलेले. कागद एकही नव्हता.

"किनाऱ्यावर हिंडून आलेले दिसतात," हवालदार म्हणाला. "चार शिंपले वेचले, मग वर जाऊन... म्हातारपणी माणसाचा नेम नसतो, बाई."

बाईंनी मृताचे बूट उलटे करून पाहिले. टाचेच्या शिवणीतदेखील वाळूचा कण नव्हता.

"पेन्सिल आहे, कागद नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी नुसती पेन्सिल घेऊन बाहेर पडता का?"

"मी पेन्सिलसुद्धा घेत नाही. बायको लिहून देते."

चौथ्या मजल्यावरचे घर विक्रीला काढलेले होते. समुद्राच्या बाजूच्या खिडकीशी एक घडीची खुर्ची होती. खिडकीच्या कट्ट्यावर बशी आणि बशीत चार खिळे. ते तांबेरून इतके फुगले होते की बोट लावताच पापुद्रे सुटले. मागच्या गॅलरीतही तशीच बशी, तसेच चार खिळे होते. पण ते दुकानातून नुकतेच आणल्यासारखे स्वच्छ होते.

गॅलरीच्या छताला लागून गेलेल्या बीमला लांबच लांब भेग पडली होती आणि भेगेतून तपकिरी ओघळ उतरले होते. एके ठिकाणी रुपयाएवढा गिलावा नव्याने उकरलेला होता. त्याखाली एक तिवई, तिवईवर स्क्रू-ड्रायव्हर.

मृताची मुलगी जवळच्या रुग्णालयात परिचारिका होती. ती कामाच्या गणवेशातच आली. रडली नाही. तिने आधी प्रेताची बाही सरळ केली, मग उभी राहिली.

"बाबा वजनमापे निरीक्षक होते," ती म्हणाली. "निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण भाजी घेतानासुद्धा तराजू उलटा करून बघायचे. भाजीवाले त्यांना बघून टोपली झाकायचे."

"इथं घर घ्यायचं कोणाच्या मनात होतं?"

"माझ्या. आई गेल्यावर ते लांब एकटेच राहत होते. इथून माझी खोली पाच मिनिटांवर. तीन आठवडे ते माझ्याकडेच राहिले, ही जागा पारखायला. मालकानं किल्लीच देऊन टाकली होती."

"घरातल्या आणखी कोणाचा सल्ला घेतला होता?"

"काकांचा, बाबांच्या धाकट्या भावाचा. ते बांधकामाचे ठेकेदार आहेत. ही इमारत त्यांनीच बांधली, वीस वर्षांपूर्वी. पण ते पहिल्यापासून नकोच म्हणत होते. म्हणे, गर्दी, गोंगाट, खारा वारा, दादाला झेपायचं नाही."

"तुमचे वडील किनाऱ्यावर फिरायला जायचे?"

"छे. वाळूत त्यांचा गुडघा लचकायचा. तीन आठवड्यांत एकदाही उतरले नाहीत."

मग ती थांबली आणि गणवेशाचे बटण उगीचच घट्ट करीत म्हणाली, "शनिवारी मी त्यांना फार बोलले. म्हटलं, तुमचं मोजून होईपर्यंत मी म्हातारी होईन. घ्यायचं नसेल तर घेऊ नका, पण मग आजारी पडल्यावर मला हाक मारू नका. काल दुपारी एक ते नऊ माझी ड्यूटी होती. घरी आले तर बाबा नाहीत. फोनही लागेना. वाटलं, रागावून आपल्या घरी गेले." तिने प्रथमच निरीक्षकबाईंच्या डोळ्यांत पाहिले. "बाई, त्यांनी उडी मारली का? माझ्या बोलण्यानं?"

"ते मला अजून माहीत नाही. माहीत झालं की तुम्हाला पहिल्यांदा सांगेन."

वडिलांची एक वही आपल्या घरी असल्याचे मुलीने सांगितले. जागेवर ते सुट्या कागदावर टिपणे घेत आणि संध्याकाळी ती वहीत सुवाच्य अक्षरात उतरवीत. शनिवारपर्यंतची पाने भरलेली होती. बाईंनी ती जिन्याच्या पायरीवर बसून वाचली.

"बुधवार, सकाळी नऊ. समोरच्या बाजूला वारा थेट समुद्राचा. कट्ट्यावर दोन तासांत मिठाचा चिकट थर. मागे इमारतीचाच आडोसा, हवा कोरडी."

"रविवार, तीन ते चार. रस्ता बंद होण्यापूर्वी आत शिरू पाहणाऱ्या गाड्यांची रीघ. हॉर्नचा कहर. खोलीत शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. चार वाजता दोन्ही टोकांना अडसर. आठपर्यंत रस्ता केवळ पायी चालणाऱ्यांचा. पहारेकरी सांगतो, ही व्यवस्था दोन महिन्यांपूर्वीच सुरू झाली."

"शुक्रवार. समोरचे खिळे पूर्ण गंजले. मागचे स्वच्छ. तरीही मागच्या बीममधून गंजाचे ओघळ. कारण शोधणे."

शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ ओढलेली होती.

काका अकरा वाजता आले. भक्कम बांध्याचे, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ. पुतणीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी डोळे पुसले. फुटलेल्या फोनवरून रविवारी दुपारी बारा चाळीसला त्यांनाच शेवटचा फोन गेल्याचे तोवर कळले होते.

"दादांनी कशासाठी फोन केला?"

"म्हणाला, संध्याकाळी मला त्या घरी नेऊन सोड."

"मग तुम्ही सोडलंत?"

"हो. साडेपाचला. अगदी गेटसमोर."

"गेटसमोर म्हणजे कुठे?"

"कुठे म्हणजे? गेटच्या तोंडाशी गाडी लावली. त्याचा गुडघा धड नाही; लांबून चालवत आणणार होतो का मी त्याला?"

"गर्दी असेल."

"समुद्र म्हटला की गर्दी आलीच. हॉर्न वाजवत वाजवत पोहोचलो."

हवालदाराने काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले. बाईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याने ते मिटले.

"तुम्ही वर गेलात?"

"नाही. दादा म्हणाला, तू जा, मला जरा एकटं बसू दे. खचला होता हो. पोर फार लावून बोलली होती." बोलताना त्यांनी पुतणीकडे पाहिले नाही. ती भिंतीला टेकली. "सहाला शाळेच्या सभागृहाचं उद्घाटन होतं. बांधकाम माझंच. नऊपर्यंत दोनशे माणसांसमोर होतो मी."

बाईंनी जबानी शब्दशः लिहून घेतली, मोठ्याने वाचून दाखवली आणि सहीसाठी पुढे केली. काकांनी ठसठशीत सही केली.

मंगळवारी दुपारी तीन वाजता चौथ्या मजल्यावरच्या त्या रिकाम्या घरात पाच माणसे जमली : निरीक्षकबाई, हवालदार, मुलगी, काका आणि पालिकेचे अभियंते. अभियंत्यांनी मागच्या बीमवर छिन्नी ठेवून चार घाव घातले. काँक्रीटचा लपका गळून पडला. आतली सळई बोटाएवढी असायला हवी होती. ती दोऱ्याएवढी उरली होती. लपक्यात पांढरे ठिपके चमकत होते.

"शिंपले," अभियंते म्हणाले. "किनाऱ्यावरची वाळू, न धुता वापरलेली."

बाईंनी खिशातून पुडी काढली आणि मृताजवळ सापडलेले तीन तुकडे त्या ठिपक्यांशेजारी ठेवले. राखाडी खपली तीच होती.

"आता मी सांगते," त्या म्हणाल्या. "चुकलं तर काकांनी दुरुस्त करावं. दादांनी घराच्या दोन्ही बाजूंना खिळे ठेवले, खारा वारा कुठे किती लागतो हे मोजायला. समोरचे गंजले, मागचे नाही. म्हणजे मागची हवा निर्दोष. मग मागच्या बीमचं लोखंड गंजलं कशानं? बाहेरून खार आला नसेल, तर तो आतच असला पाहिजे. दुसरा एखादा हे बघून घर नापसंत करून निघून गेला असता. दादांनी तिवईवर चढून गिलावा उकरला, आणि काँक्रीटमध्ये समुद्र सापडला."

"त्यावरून काय सिद्ध होतं?" काका म्हणाले. "वाळू पुरवणाऱ्यानं फसवलं असेल मला."

"तसं असतं तर दादांना हे घर घेऊ नका, असं तुम्ही का सांगितलं? ठेकेदार आपलं बांधकाम सख्ख्या भावाला नको म्हणतो, ते गोंगाटासाठी? बाकीची एकोणीस घरं विकताना गोंगाट नव्हता का?"

काकांनी शर्टावरची काँक्रीटची धूळ झटकली.

"राहिली वेळ. रविवारी चार ते आठ हा रस्ता गाड्यांना बंद असतो. दोन्ही टोकांना आमचीच माणसं उभी असतात. साडेपाचला गेटसमोर गाडी आणणं, तीही हॉर्न वाजवत, हे रविवारी मलासुद्धा जमत नाही. ही व्यवस्था दोन महिन्यांची आहे, आणि ती तुम्हाला माहीतच नव्हती. तुम्ही आलात चारच्या आत आणि गेलातही चारच्या आत, नाहीतर अडसर तुम्हाला दिसले असते. गाडी कोणी ओळखली असेल, या धास्तीनं येणं कबूल केलंत. बदलली फक्त वेळ, म्हणजे सहाच्या समारंभाला ती चिकटावी."

"वेळ माझी चुकली असेल. माणूस घाबरतो—"

"घाबरलेल्या माणसानं गाडी कुठे लावली हे विसरावं. तुम्ही गाडी कुठे लावली ते सांगितलंत, हॉर्न सांगितला, दादांचे शब्द सांगितले. आणि एक. दादांकडे पेन्सिल होती, टिपणाचा कागद नव्हता. तो खाली पडला नाही, घरात नाही. कोणीतरी नेला. शिंपले मात्र त्यांच्याबरोबर खाली गेले. तिथवर तुमचा हात पोहोचला नाही."

काका तिवईवर बसले. त्यांनी लपक्याचा एक तुकडा उचलून हातात घेतला.

"नदीची वाळू त्या वर्षी मिळतच नव्हती," ते म्हणाले. "सगळेच समुद्राची घालायचे. मी त्याला म्हटलं, दादा, तुला घर नको ना, मग सोड विषय. तो म्हणाला, मला नको, पण एकोणीस घरांत माणसं झोपतात. उद्या दहाला मी पालिकेत लिहून देणार. लहानपणापासून हाच ताठा. मी हातापाया पडलो त्याच्या. म्हटलं, तुझ्या भावाला तुरुंगात घालशील? तर म्हणाला, वजन कमी भरलं तर दुकान कोणाचं हे मी कधी बघितलं नाही. मी फक्त कागद ओढला. तो ओढताना त्याचा तोल गेला."

"कागद ओढला तर माणूस ओढणाऱ्याकडे येतो," निरीक्षकबाई म्हणाल्या. "कठड्यापलीकडे जात नाही. आणि कठडा कमरेइतका आहे."

बाहेर रस्त्यावरून माणसांचा कोलाहल वर येत होता.

"ढकललं," काका म्हणाले. हा एकच शब्द त्यांनी पुतणीकडे पाहून उच्चारला.

"आणि काल," मुलगी म्हणाली, "माझ्यासमोर, काका, तुम्ही म्हणालात की पोर फार बोलली. मला आयुष्यभर ते घेऊन जगू दिलं असतं तुम्ही?"

हवालदाराने काकांना दंडाला धरून उठवले. एरवी प्रत्येक गोष्टीवर शेरा मारणारा तो माणूस या वेळी मुकाट्याने दार उघडून बाजूला झाला. अभियंते इमारत रिकामी करण्याची नोटीस लिहायला पुढच्या खोलीत गेले. खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी वाजत होती. त्या घराला अजून काही कळले नव्हते.

मुलगी कठड्यापासून दूर, भिंतीला पाठ लावून उभी होती.

"बाई, तुम्ही म्हणाला होतात, मला पहिल्यांदा सांगाल."

"हो," निरीक्षकबाई म्हणाल्या. "तुमच्या वडिलांनी जीव दिला नाही. तो त्यांच्या भावानं घेतला."