तुकड्याला चिकटलेला बुडबुडा

“फुगलंय म्हणजे फुगलंय! आकडा टाका न् मोकळ्या व्हा.”

“नाही टाकत, जा! एवढं फुगतं का कुठं पोलाद? पुन्हा तोलणार मी.”

पोलादवाल्यानं नुसते हात झटकले. स्टेनलेस स्टीलची ही नवी जात त्यानंच घडवलेली. अणुभट्टीत राहिलं की पोलादाला आतून बारीक बारीक पोकळ्या पडतात, ते फुगतं. किती फुगलं ते तोलून सांगायचं, हे इथल्या तपासणीवालीचं, म्हणजे तिचं काम. कमी फुगलं असेल, तर तो आजच दूरच्या कारखान्यात जाणार, तिथं हेच पोलाद ओतायला. जास्त फुगलं, तर इथंच राहून पहिल्यापासून सुरुवात.

म्हणजे नापास झालं तर तो राहणार... तिला काय कळत नव्हतं होय?

तिनं यंत्रहातांच्या मुठी धरल्या. हातभर जाड काचेपलीकडे लोखंडी बोटांनी तुकडा अलगद उचलला. हवेत तोलला, मग पाण्यात सोडला. काचेत तिचा चेहरा, त्याला टेकून त्याचा... जणू दोघंही त्या पिवळ्या उजेडात तरंगत होते.

आणि तिला दिसला. तुकड्याच्या पोटाला चिकटलेला, मोहरीएवढा बुडबुडा. तोच तुकड्याला वर उचलत होता, म्हणून पाण्यातलं वजन कमी भरत होतं, आणि पाण्यात हलकं भरलं की फुगलेलं धरायचं. अन् इकडे बोंब, पोलाद फुगलं!

बोललंच नाही तर... तो इथंच.

लोखंडी बोट थबकलं. मग तिनं टिचकी मारली. बुडबुडा वर गेला, विरला. आकडा सरकला.

“पास,” ती कशीबशी म्हणाली. “बुडबुडा होता.”

“माहितीये. मघाशीच दिसला मला.”

ती गर्रकन वळली. “अक्कल गहाण टाकलीत का? स्वतःच्या लेकराला कुणी नापास करतं?”

“चुकलंच,” तो खाली बघत म्हणाला. “पण इथं राहिलो असतो ना... रोज तुमची बोलणी खायला.”

तिचे कान तापले. “मग हे तोंडानं सांगता येत नव्हतं?”

“तोंड उघडलं की तुम्ही भांडता—”

“नाही भांडत. सांगा.”

“तुम्ही... तुम्ही आवडता मला.”

ती हसली, अगदी हळू.

“मलाही. जा, तुमचं पोलाद ओता. आणि मग या परत. तुकडाबिकडा काही आणू नका... नुसते या.”

बाहेर हॉर्न वाजला. तो दारापर्यंत गेला, तसाच मागं आला, तिच्या बोटांना नुसतं बोट लावलं.

“येतो. नक्की येतो. पण गाडी लागलीये... मला आता निघायलाच हवं.”