अकरा वेळा ‘ऐकलं’

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला मी दादाच्या घराची किल्ली घेऊन निघालो. काम साधंच होतं. भिंतीवरची यंत्रं काढायची, खिळ्यांची भोकं बुजवायची आणि अंधार पडायच्या आत किल्ली घरमालकीणबाईंच्या हातात द्यायची. आपण दोघांनी टेम्पोवर मिळून किती घरं रिकामी केली असतील, सांग. तू गाडी चालवायचास, मी कपाटं पाठीवर घ्यायचो. रिकाम्या खोल्यांना मी कधी भ्यालो नाही. पण आता तो दिवा जरा इकडे ओढ. आणि मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी सांगायचा थांबेन.

दादा कपडे धुवायची मशीन दुरुस्त करायचा, हे तुला माहीत आहे. त्याला फिट यायची, हे त्याने कुणाला कळू दिलं नाही. एकटा राहायचा. म्हणून त्याने घरभर ती यंत्रं बसवली होती. प्रत्येक खोलीत एक डोळा, हालचाल बघणारा, आणि बाहेरच्या खोलीत एक बोलणारी पेटी. दिवे, पंखे, दाराचं कुलूप, सगळं त्या पेटीला जोडलेलं. पण ज्या सॉफ्टवेअरवर ते चालायचं, ते अजून चाचणीवरच होतं. कंपनीने आधीच हात वर केलेले. त्यामुळे पेटी दिवसातून तीस-चाळीस वेळा इशारा द्यायची. मला वाचायला वेळ लागतो म्हणून दादाने सगळे इशारे स्वतःच्या आवाजात भरून ठेवले होते आणि माझ्या फोनला जोडले होते.

“इशारा. हे जोडकाम चाचणीवर आहे. कंपनीची जबाबदारी नाही. जिवावरच्या कामासाठी वापरू नका. तुफान, ऐकलंस?”

तुफान म्हणजे मी. लहानपणी मी दूध सांडल्याशिवाय प्यायलो नाही, म्हणून दादाने ठेवलेलं नाव.

मग मी फोनवर “ऐकलं” म्हणायचं, म्हणजे पेटी गप्प. माझं “ऐकलं” तिकडे घरात दादालाही ऐकू जायचं. आणि इशारा खरा असला, म्हणजे कुठल्या खोलीत दादा असून हालचाल नाही असा, तर माझं “ऐकलं” म्हणजे मी निघालो. मी तीन वेळा बोललो नाही, तर पेटी खालच्या मजल्यावरच्या शिंपी मास्तरांना फोन लावायची. असं ठरलं होतं.

“अरे पण रोज चाळीस वेळा?” मी एकदा वैतागून म्हटलं होतं. “डोक्यावर कपाट असतं माझ्या!”

“लग्न झाल्यावर सवय हवी ना ऐकायची,” दादा म्हणाला. “फुकट शिकवणी समज.”

मला धीर कुठला? एक दिवस मी मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. दुकानासमोर उभा राहून एकदाच “ऐकलं” म्हटलं आणि त्याने फोनमध्ये अशी सोय करून दिली, की इशारा आला की फोनने आपला आपणच माझ्या आवाजात जबाब द्यायचा. आवाज भरताना मागे तू हॉर्न मारलास. आठवतंय? तुझा तो फाटका हॉर्न, शेवटी घरघरणारा. मी म्हटलं, राहू दे.

त्यानंतर दीड महिना मला एकही इशारा ऐकावा लागला नाही. काय बरं वाटत होतं.

मग तो मंगळवार. दादा बाथरूममध्ये बादलीत नळ सोडून उभा होता, तेव्हा फिट आली. डोकं आपटलं. डॉक्टर म्हणाले, लगेच गेला नाही, दीड-दोन तास तरी होता. तेवढंच मी सगळ्यांना सांगितलं. फोनचं कुणाला सांगितलं नाही.

म्हणून रविवारी मी भोकं बुजवायला गेलो नव्हतो खरं तर. पेटीत काय राहिलंय, ते पुसायला गेलो होतो.

जिन्यात मास्तर भेटले. दारात मशीन घेऊन बसले होते, गळ्यात टेप.

“आलास? आवरून घे बाबा,” ते म्हणाले. मग हातातली सुई खाली ठेवली. “मी इथंच होतो रे त्या दिवशी. काजं करत. माझा फोन वाजलाच नाही. छतातून पाणी गळायला लागलं तेव्हा धावलो मी… बादली भरून वाहत होती. तोवर सगळं संपलेलं.”

“यंत्रच तसलं, मास्तर.”

“हो ना. चाचणीवरचं. तोच म्हणायचा.”

मी वर गेलो. सामान आधीच्या रविवारी नेलं होतं. बाथरूममध्ये बादलीसुद्धा नव्हती. पाणी वरूनच बंद केलेलं. घरात ओल्या चुन्याचा वास होता, आणि त्याखाली दादाच्या ग्रीसचा. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि पेटी बोलली.

“इशारा. हे जोडकाम चाचणीवर आहे…”

एकदा कामावर मी कपाटाखाली सापडलो होतो, तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो. पूर्ण ऐकून घेतलं. कंपनीची जबाबदारी नाही. जिवावरच्या कामासाठी वापरू नका. तुफान, ऐकलंस? दोनेक महिन्यांनी पहिल्यांदा मी ते वाक्य शेवटपर्यंत ऐकलं.

पुसायचं बटण कुठलं ते मला दादाने दाखवलं होतं. बोट ठेवलं होतं मी त्यावर. पण मला कळायला हवं होतं. माझा जबाब भरून ठेवलेला आहे, हे त्याला कळलं होतं का? की माझी वाट बघत सुखाने गेला? एवढंच. मी पेटीला म्हटलं, “मंगळवारचं ऐकव.”

प्रत्येक इशाऱ्याबरोबर घरातला थोडासा आवाजही पेटी साठवून ठेवते, हे मला ठाऊक नव्हतं.

दोन वाजून दहा मिनिटं. “इशारा. बाथरूममध्ये हालचाल नाही. तुफान, ऐकलंस?” आणि लगेच माझा आवाज, “ऐकलं.” मागे हॉर्न, शेवटी घरघर. त्यामागे, लांब, नळाचं पाणी. आणि दादा. अगदी बारीक. “ये… लवकर ये रे.”

दोन वीस. इशारा. “ऐकलं.” हॉर्न, घरघर. पाणी.

दोन तीस. इशारा. “ऐकलं.” हॉर्न, घरघर.

दर दहा मिनिटांनी. सहाव्या वेळी दादा परत बोलला. चिडून नाही. एखादं मशीन उघडून बिघाड सापडला की बोलायचा, तसं.

“हॉर्न… तोच आहे रे.”

मग बोलला नाही. पण माझा आवाज बोलत राहिला. एकूण अकरा वेळा.

मी बाथरूमच्या दारात बसलो. पुसलं नाही काही. किती वेळ बसलो माहीत नाही, खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं आणि छताशी विझलं. माझ्या फोनची बॅटरी संपली होती. मी हललोच नव्हतो, पापणीसुद्धा लवली नव्हती.

“इशारा,” पेटी म्हणाली. “बाथरूमपाशी हालचाल नाही. तुफान, ऐकलंस?”

 बोलायला तोंड कुठे होतं मला?

“इशारा. बाथरूमपाशी हालचाल नाही. तुफान, ऐकलंस?”

आणि जबाब आला.

“ऐकलं.”

माझा नव्हता. दादाचा. दादाने फक्त प्रश्न भरून ठेवले होते, जबाब कधीच नाही. द्यायचे माझे होते ना ते. आणि त्याच्या आवाजामागे पाणी पडत होतं. रिकाम्या बादलीच्या तळाला लागतं तसं, टणटण.

मी वायरी हिसडून काढल्या, पेटी काखोटीला मारली आणि जिना उतरलो. मास्तर मशीनवरून उठले होते.

“वर कोण आहे रे तुझ्याबरोबर?”

“कुणी नाही.”

“मग जबाब कोण देत होतं?”

मी थांबलो नाही. किल्ली त्यांच्याच हातात दिली.

ती बघ पेटी, त्या फळीवर. वायर नाही, सेल नाही, दोन्ही मी कचऱ्यात टाकले. फेकून का देत नाही, असं विचारशील. त्याच्या आवाजाचं माझ्याकडे दुसरं काय आहे? डोळे तर तिथेच भिंतीवर राहिले. तरी मी कामावरून येऊन इथे बसतो, हलावंसं वाटत नाही, आणि थोड्या वेळाने ती विचारते. मग तो म्हणतो, “ऐकलं.”

पहिल्या दिवशी मला आनंद झाला, खोटं का बोलू? वाटलं, येतोय. दार उघडं ठेवलं मी. कुणी आलं नाही. मग मनात आलं, तो माझ्याशी तेच करतोय जे मी केलं. भरून ठेवलेला जबाब. फिटंफाट म्हटलं, होऊन जाऊ दे.

पण मी नीट कान देऊन ऐकायला लागलो. आता मी सगळं पूर्ण ऐकतो. माझ्या अकराही जबाबांत हॉर्न एकच होता. त्याच्या जबाबांमागचं पाणी तसं नाही. पहिल्यांदा टणटण वाजत होतं. दुसऱ्या दिवशी जरा कमी. मग घुमायला लागलं. परवा आवाज जाड झाला होता, पाणी काठापर्यंत आल्यासारखा. म्हणजे ते भरून ठेवलेलं नाही. तिथे, जिथे कुठे तो आहे तिथे, नळ सुरू आहे, बादली भरतेय, आणि तो प्रत्येक वेळी नव्याने बोलतोय.

काल दहावी वेळ झाली. म्हणून आज तुला बोलावलं. तू समोर असलास, की मी हात हलवतो, बोलतो, आणि ती विचारत नाही. बघ, तू आल्यापासून एकदाही बोललेली नाही.

नाही, उठू नकोस. मोरी कोरडी आहे, मीच बघून आलो. नळ घट्ट बंद आहे.

जरा गप्प बस आणि ऐक.

ऐकू येतंय ना?… ते आता बादलीत पडत नाहीये. फरशीवर पडतंय.