आईच्या टाळ्या

तुम्हाला पटणार नाही, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

१९ ऑगस्ट. दुपारचे चार. जपानमधल्या सान्रिकूच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव.

आई जाऊन सत्तेचाळीस दिवस झाले होते. घरात कुणी गेलं की पन्नास दिवस देवळाच्या लाल कमानीखालून जायचं नाही. आई याबाबतीत फार कडक होती.

पण माझी धाकटी बहीण कोझुए दवाखान्यात होती. सातवा महिना. रक्तस्राव थांबत नव्हता.

"ताई, रडू नकोस हं," ती फोनवर म्हणाली. "रडलीस की फुगलेल्या माशासारखी दिसतेस."

"गप पड. मी देवळात जातेय."

"अगं, सुतक आहे. आईने बडवलं असतं तुला."

"तीन दिवस थांबेल का तुझं बाळ?"

तिने फोन ठेवला. मला फार भीती वाटली.

मी कमानीखालून गेले नाही. बाजूच्या झुडपांतून आत शिरले. एवढी पळवाट चालते, असं गावात सगळेच म्हणतात.

हात धुतले. दोनदा वाकले. देवाला हाक म्हणून टाळी वाजवली...

आवाजच आला नाही.

पुन्हा वाजवली. जोरात. तळवे झणझणले.

तरीही नाही.

झाडांवरच्या किड्यांची किरकिरही बंद झाली होती.

आणि मग... माझ्या मागे...

बद्द. बद्द.

दोन टाळ्या.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. मासळीच्या कारखान्यात आईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. तिची टाळी अशीच वाजायची.

मागे वळायचं माझं धाडस झालं नाही.

फोन वाजला.

"ताई, थांबलं गं," कोझुए रडत होती. "आत्ताच थांबलं."

नोव्हेंबरात मुलगी झाली. फुमी. अगदी धडधाकट.

गेल्या वर्षी तिला तीन वर्षं पूर्ण झाली. रीतीप्रमाणे नवा किमोनो घालून आम्ही तिला त्याच देवळात नेलं. माझी टाळी तिथे अजूनही वाजत नाही. म्हणून कोझुएच तिला शिकवत होती.

"दोनदा वाक. आता दोन टाळ्या."

फुमीने इवले हात जुळवले...

बद्द. बद्द.

कोझुए पांढरीफटक पडली. मी फुमीचे हात हातात घेतले आणि बोटं मोजली.

दहाच्या दहा होती.

अजूनही ती घरी आली की मी आधी तिची बोटं मोजते.